मलाही एडीएचडी आहे, म्हणूनच सांगते

पूर्वी लोक म्हणायचे, ‘माझा स्वभावच तापट आहे, त्याला मी काय करणार!’ आता त्याच सुरात ‘मला एडीएचडी आहे’ म्हणतात. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा, मेंदूशी संबंधित विकार. ऑफिसात ऐकलं, मैत्रिणीच्या घरी ऐकलं, आणि गेल्या गणपतीत वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात नात्यातल्या एका घरी, आरतीला सगळ्यांना ताटकळत ठेवून आलेल्या मुलाच्या तोंडूनही ऐकलं. त्याला उशीर झाला याचं मला काही वाटलं नाही. वेळेचा अंदाज कसा हातातून निसटतो हे मला चांगलं ठाऊक आहे. पण ज्या आजोबांनी त्याच्यासाठी थांबून निरांजनात पुन्हा तूप घातलं, त्यांना तो म्हणाला, ‘तुम्हाला थांबायला कोणी सांगितलं होतं? मला एडीएचडी आहे, घरात सगळ्यांना माहितीये.’ आणि मोदक घेऊन गॅलरीत निघून गेला. आजोबा काही बोलले नाहीत. नव्या आजाराचं नाव आहे, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, असं त्यांना वाटलं असणार.

मला कळतं. मला एडीएचडी आहे, माझं निदान वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी झालं, औषध चालू आहे. म्हणून हे लिहितेय.

आधी हे सांगायला हवं की एडीएचडी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यात मी कुठेच बसत नाही. लोकांना दिसतो वर्गात बाकावर चढणारा, दप्तर फेकणारा मुलगा. मोठेपणी तोच मुलगा नोकऱ्या बदलतो, बाइक वेगानं चालवतो, पैसे उडवतो. दुसरं चित्र रील्समधलं: विखुरलेला पण विलक्षण प्रतिभावान माणूस, ज्याची आजारपणाची बाजू म्हणजे एक देणगीच. मी या दोन्हींत नव्हते. मी वडोदऱ्याच्या एका मराठी शाळेत खिडकीशेजारी बसणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी होते. बाई फळ्यावर लिहीत असायच्या आणि मी बाहेरच्या कडुनिंबावर. उठून पळाले नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलींच्या बाबतीत हे फार होतं. धिंगाणा घालणारा मुलगा डॉक्टरकडे नेला जातो, हरवलेली मुलगी ‘स्वप्नाळू’ म्हणून सोडून दिली जाते.

निदानाच्या वेळी डॉक्टरांनी आधी अठरा प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, जो जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं तयार झालेला आहे. तो भरून झाल्यावर त्यांनी लगेच सांगितलं, याच्यावरून निदान होत नसतं, हा फक्त चाळणीचा पहिला टप्पा. मग थायरॉइड तपासलं, झोपेबद्दल विचारलं, नैराश्य आणि चिंतेबद्दल खोदून विचारलं, कारण त्या सगळ्यांतही लक्ष लागत नाही. आणि मग म्हणाले, लहानपणचं काही असेल तर आणा, आणि आईंना घेऊन या.

आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात माझी प्रगतिपुस्तकं रेशन कार्डाच्या जुन्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. चौथीपासून आठवीपर्यंत, शिक्षक बदलले, शाई बदलली, शेरा तोच: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ पाचवीच्या बाईंनी तर ‘वही आणत नाही’ याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. डॉक्टरांनी ती पुस्तकं बराच वेळ बघितली. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या निदानपुस्तिकेची २०१३ सालची पाचवी आवृत्ती आज वापरतात, २०२२ च्या सुधारणेसह. तिच्यात लक्ष न राहण्याची नऊ आणि चळवळेपणा-उतावळेपणाची नऊ लक्षणं आहेत. लहान मुलांमध्ये एका गटातली किमान सहा लागतात, सतरा वर्षांपासून पुढच्यांसाठी पाच. पण नुसती पाच भरली म्हणून भागत नाही. त्यांतली काही बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली हवीत. घर, शाळा, काम, मित्रमंडळी यांपैकी निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आणि त्यांनी माणसाच्या रोजच्या जगण्यात खरोखर खोडा घातलेला हवा. ‘आम्हालाही चावी सापडत नाही कधी कधी, सगळ्यांनाच थोडं थोडं असतं’ असं मला सांगणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य जरा शांतपणे वाचावं.

त्या दिवशी परत येताना रिक्षात आई म्हणाली, ‘माझंही लहानपणी असंच होतं गं. तात्यांच्या हातचा मार खाल्लाय त्यापायी.’ आईला एडीएचडी आहे की नाही हे ठरवणारी मी कोण. पण हा विकार घराण्यात उतरतो हे जुळ्यांवरच्या अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे, आणि आईच्या पदराला सतत गाठ असायची हे मला आठवतं. दुधाची आठवण एक गाठ, मावशीला पत्र टाकायची दुसरी. कधी कधी गाठ दिसायची आणि ती कशासाठी मारली ते आठवायचं नाही, मग ती ओट्याशी उभी राहून एकेक काम मोठ्यानं म्हणत जायची. तिच्या वेळी तिच्यासाठी कुठलं नाव नव्हतं, औषध नव्हतं, कुणाचं ऐकून घेणं नव्हतं. विसरलं तर ‘विसरले, चुकलं’ एवढंच म्हणायची मुभा होती, आणि ती तेच म्हणायची.

आता ऑफिसची गोष्ट. मी रावपुऱ्यात एका कर सल्लागाराकडे काम करते. जीएसटीच्या कामात महिन्याचा जीव तारखांत असतो. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे कुणाला काय विकलं त्याचा तपशील. २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं एकत्रित विवरणपत्र, आणि कर भरणा. उशीर झाला की साध्या विवरणपत्राला दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क. पण खरा घोळ पन्नास रुपयांचा नसतो. आमच्या व्यापाऱ्यानं ११ तारखेपर्यंत बिल चढवलं नाही, तर १४ तारखेला खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, ते दिसत नाही आणि त्याला त्या कराचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. विसरतो एक, पैसे अडकतात दुसऱ्याचे. एडीएचडी असलेल्या माणसानं हे काम का निवडलं असं मला विचारतात. तारीख अशी टोकावर आली की माझं डोकं चालायला लागतं, हे एक. आणि दुसरं, माझ्या विसरण्याचा भार नेमका कुणावर पडतो हे इथे आकड्यात दिसतं, त्यामुळे स्वतःला फसवता येत नाही.

आमच्याकडे एक जण आहे, माझ्यापेक्षा लहान, कामाला हुशार. त्याचंही निदान झालेलं आहे आणि ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ११ तारखेच्या दुपारी आमच्या शिकाऊ मुलीच्या हातून चूक झाली. एका पार्टीची बिलं तिनं खरेदीदाराचा जीएसटी नंबर न घालता किरकोळ ग्राहकांच्या रकान्यात चढवली. चूक गंभीरच होती, पण वेळ हातात होता, दुरुस्त होण्यासारखी होती. तो उठला आणि सगळ्यांच्या देखत तिला म्हणाला, ‘अक्कल घरी ठेवून येतेस का?’ बिलांची फाइल टेबलावर आपटली. क्लिप सुटली, कागद फरशीवर पसरले. पंख्याच्या वाऱ्यानं काही कपाटाखाली गेले. ती खाली बसून गोळा करायला लागली. तो त्या कागदांवरून पाय टाकून चहाला गेला.

दहा-पंधरा मिनिटांनी मकरपुऱ्याच्या ज्या पार्टीचं हे काम होतं, त्यांच्या शेठचा फोन आला. शेठ फोनवर इतके चढ्या आवाजात बोलत होते की मला पलीकडच्या टेबलावर ऐकू येत होतं. हा उभा राहून, अगदी मऊ आवाजात, ‘हा शेठ, मारी ज भूल छे शेठ, सांजे थई जशे.’ म्हणजे माझीच चूक, संध्याकाळी होऊन जाईल. तोच माणूस, तीच दुपार, तीच चूक.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. ‘ताई, तुम्ही तरी समजून घ्याल. तुम्हालाही आहे ना. कंट्रोलच राहत नाही हो.’

मी त्याला म्हटलं, ‘शेठच्या फोनवर राहिला होता.’

तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘ते वेगळं.’ मी विचारलं, काय वेगळं? त्याला सांगता आलं नाही.

मी पुढे जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर सांगते, कारण माझं म्हणणं सगळं त्यातच आहे. राग चटकन येणं, चिडचिड, छोट्या अडथळ्यानं डोकं फिरणं, हे एडीएचडीबरोबर येतं. डीएसएममधल्या अठरा लक्षणांत ते नाही, पण सोबत आढळणाऱ्या गोष्टींत त्याचा उल्लेख आहे, आणि ज्यांना आहे त्यांना पुस्तकाची गरज नाही. दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तोंड उघडणं तर थेट लक्षणांतच आहे. तेव्हा पहिला भडका, तोंडातून सुटलेलं पहिलं वाक्य, त्याचा दोष एडीएचडीवर जाऊ शकतो, आणि मी तो तिथे घालायला तयार आहे. पण भडका उडाल्यावर काय? कागद फरशीवर पडलेले तू पाहिलेस. वाकून चार उचलले असतेस. चहा पिऊन आल्यावर म्हणाला असतास, ‘मी बोललो ते चुकलं.’ मुलगी सहा वाजेपर्यंत तुझ्यासमोर बसून तुझंच काम दुरुस्त करत होती. त्या चार तासांत जे झालं नाही ते कुठल्या लक्षणात बसतं? आणि ज्याचा पगार तुझ्यापेक्षा कमी त्याच्यावरच जो राग निघतो आणि ज्याच्याकडून फी यायची त्याच्यापुढे निघत नाही, तो राग माणूस बघून येतोय. लक्ष न राहण्याचा आजार माणूस बघत नाही. माझी पर्स हरवते ती नवऱ्याबरोबर असतानाही हरवते आणि साहेबांबरोबर असतानाही.

यावर एक हरकत येते, आणि ती रास्त आहे. बाहेर दिवसभर एडीएचडीवाला माणूस स्वतःला दाबून, सावरून, धरून ठेवतो, आणि घरी आल्यावर ते सगळं सुटतं. हे खरं आहे. मी स्वतः संध्याकाळी सातनंतर कुणाचं दुसरं वाक्य ऐकू शकत नाही. नवरा रिफायनरीतलं काही सांगत असतो, पहिलं वाक्य पोचतं, पुढचं नुसता आवाज. दूध उतू जातं. म्हणजे एका ठिकाणी सावरता येतं, दुसऱ्या ठिकाणी येत नाही, एवढ्यावरून कुणाला ढोंगी ठरवू नका. पण दूध उतू जातं ते घरात कोण आहे हे बघून जात नाही. थकलेल्या मेंदूतून निसटणं वेगळं, आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याला शोधून बोलणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिनं रात्री मोबाइलवर वाचलं होतं. ‘बेन, एडीएचडी एटले शुं? तमने पण छे ने?’ एडीएचडी म्हणजे काय, तुम्हालाही आहे ना, असं विचारत होती. मी हो म्हटलं. तिनं जरा थांबून विचारलं, ‘तो तमने पण एवुं थाय?’ म्हणजे तुम्हीही कधी अशा अंगावर याल का. तिला काम शिकवते मी. ती मला घाबरायला लागली होती, दुसऱ्यानं दिलेल्या कारणामुळे. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याचा इथे संबंध आहे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं काही व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवर घालता येत नाही, अशा मुलांचं त्यानं वर्णन केलं होतं. आज ती वर्णनं एडीएचडीच्या इतिहासात पहिल्या पानावर घेतली जातात. स्टिलनं या मुलांत जे उणं आहे असं सांगितलं ते होतं ‘नैतिक नियंत्रण’. त्यामागे मेंदूतलं, आनुवंशिक काही कारण असावं असं त्यालाही वाटत होतं, पण शब्द नीतीचा होता. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं आणि त्यांतली बरीच मुलं शांत बसून अभ्यास करायला लागली, तेव्हा औषधाची वाट दिसली. १९८० च्या डीएसएममध्ये ‘लक्ष’ हा मुद्दा नावात आला आणि चळवळेपणा नसलेल्यांनाही जागा मिळाली, म्हणजे माझ्यासारख्या खिडकीतल्या मुलींना. मोठ्यांसाठी निकष सैल झाले ते २०१३ मध्ये. एवढी वर्षं लागली डॉक्टरांना हे पटवायला आणि स्वतःला पटायला, की हा मुलगा वाईट नाही, ही मुलगी आळशी नाही, यांच्या मेंदूत लक्षाची आणि आवर घालण्याची यंत्रणा वेगळी चालते. शीलाचा प्रश्न नाही हा. आणि आता कुणी दुसऱ्याचा पाणउतारा करून ‘मला एडीएचडी आहे’ म्हणतो, तेव्हा तो या आजाराला पुन्हा ओढत १९०२ मध्ये नेऊन ठेवतो. एडीएचडी म्हणजे ज्याला दुसऱ्याची किंमत नाही असा माणूस, असं ऐकणारा समजून जातो. पुढच्या वेळी खरोखर विसरलेली एखादी बाई ऑफिसात ‘मला एडीएचडी आहे, मला लेखी द्या’ म्हणेल, तेव्हा साहेबांना ती मुलगी आणि ते कागद आठवतील.

किंमत मी औषधाच्या दुकानातही मोजते. मिथाइलफेनिडेट हे माझं औषध अंमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखालच्या यादीत येतं, त्यामुळे ताजी चिठ्ठी लागते आणि सगळ्या दुकानांत ते मिळतही नाही. चिठ्ठी वाचून दुकानदार दर वेळी विचारतो, ‘छोकरा माटे?’ नाही, माझ्यासाठी, म्हटलं की वर बघतो, पुन्हा चिठ्ठीवरचं वय बघतो. मागे उभे असलेले लोकही बघतात. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय आहे, तो उत्तेजक नाही, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. मला पहिलंच लागू पडलं. गोळीनं काय होतं, तर कामाला बसल्यावर बसता येतं, आणि तोंडापाशी आलेलं वाक्य क्षणभर थांबतं. त्या क्षणात काय करायचं हे गोळी सांगत नाही.

माझ्या साहेबांशी मी निदानानंतर बोलले तेव्हा तीन गोष्टी मागितल्या होत्या. काम तोंडी सांगू नका, व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका. मी आकडे चढवत असताना फोन माझ्याकडे वळवू नका. ११ आणि २० तारखेच्या आधी दोन दिवस माझं काम दुसऱ्या कुणी तरी एकदा डोळ्यांखालून घालावं. त्यांनी तिन्ही मान्य केल्या, आणि त्याचा फायदा सगळ्या ऑफिसला झाला असं ते स्वतः म्हणतात. मागायला लाज वाटली नाही. सवलत आधी मागायची असते, सबब नंतर दिली जाते, आणि फाइल आपटणाऱ्या त्या सहकाऱ्याला मी हेच म्हटलं: तुला काय हवं ते महिन्याच्या एक तारखेला सांग, आम्ही करू. गोंगाट नको असेल तर आतल्या खोलीत बस. चूक दिसली की लगेच न बोलता आधी मला मेसेज कर. यांतलं काहीही माग. त्यानं आतली खोली मागितली आहे. त्या मुलीला अजून काही म्हणालेला नाही.

मैत्रिणीचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे साहेब नाहीत, संसार आहे. ती कारेलीबागेत राहते. नवऱ्याचं निदान झालं तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं तेव्हाचा तिचा आवाज मला आठवतो, केवढी सुटल्यासारखी बोलत होती. इतकी वर्षं तो आपल्याकडे दुर्लक्ष करतो असं वाटायचं, आता कळलं की तसं नव्हतं. निदानाचं हे फार मोठं काम आहे, कडवटपणा धुऊन काढण्याचं. पण पुढे काय झालं? मुलीची फी, लाइटचं बिल, सासूबाईंच्या गोळ्या, त्याच्या स्वतःच्या गोळ्या, त्याची डॉक्टरकडची तारीख, सगळं तिच्या डोक्यात. काही राहिलं आणि ती बोलली तर, ‘तू मला समजूनच घेत नाहीस. हा आजार आहे.’

तिच्या घरचे म्हणतात, ‘क्रिकेटच्या टर्फचं बुकिंग बरं लक्षात राहतं!’ इथे मी त्याच्या बाजूनं उभी राहिले. हा आरोप आम्हा सगळ्यांवर होतो आणि तो चुकीचा आहे. जे आवडतं, जे नवं आहे, जे आत्ता नाही केलं तर हातचं जाईल, तिथे आमचं लक्ष आपोआप खेचलं जातं, इतकं की हाक ऐकू येत नाही. जे महत्त्वाचं पण रटाळ आहे तिथे ते आणावं लागतं आणि येत नाही. टर्फ लक्षात राहतं म्हणून फी मुद्दाम विसरली असा अर्थ निघत नाही. मी हे त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं, आणि तो खूश झाला. मग मी त्याला विचारलं, लाइट बिलाला ऑटो-पे का नाही लावलं? मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे, मी आत्ता तुझ्याशेजारी बसते, लावू या. तो म्हणाला, ‘ती बघते ना ते.’

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे स्कूटरच्या पुढे वाकवलेली सळई लावतात, मांजानं गळा कापू नये म्हणून. ज्याचा पतंग आहे तो गच्चीवर असतो, त्याच्या मनात कुणाला कापायचं नसतं, वाराच तसा असतो. सळई मात्र रस्त्यावरच्यानं लावायची. माझ्या मैत्रिणीनं संसारात अशा किती सळया लावल्या आहेत ते मी त्या टेबलावर बसून पाहिलं. फ्रिजवर कागद, दारावर कागद, त्याच्या आईच्या गोळ्यांचा डबा तिच्या पर्समध्ये, त्याच्या बहिणीच्या वाढदिवसाचा मेसेज त्याच्या फोनवरून हिनं टाकलेला. आजार त्याला झालाय आणि बंदोबस्त हिचा चाललाय. मी त्याला वाईट माणूस म्हणत नाही. पण निदान हाती आल्यावर स्वतःच्या विसरण्याचा बंदोबस्त स्वतः करायची जबाबदारी वाढते, कारण आता आपल्याला माहीत झालेलं असतं. माझी आई माहीत नसताना पदराला गाठी मारत होती.

मैत्रिणीनं मला जिन्यात सोडायला येताना विचारलं, ‘मग मी काय करू? बोलले तर आजारी माणसाला छळते, नाही बोलले तर मीच मरते.’ मी तिला म्हटलं, तू एकदा त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा. मोठ्या माणसाच्या एडीएचडीत घरच्यांचं म्हणणं ऐकणं हा तपासणीचा आणि उपचाराचा भाग असतो, डॉक्टर स्वतःच बोलावतात, माझ्या वेळी आईला बोलावलं होतं. तो एकटा जातो तेव्हा तो जे सांगेल तेवढंच त्यांना कळतं. तू त्याच्यासमोर सांग, मागून नाही. गोळ्या कोण आठवून देतं ते सांग, बिलं कोण भरतं ते सांग, आणि तो ‘हा आजार आहे’ म्हणतो तेव्हा तुला काय होतं तेही सांग. औषधाबरोबर वागण्याची सवय बदलायची समुपदेशनं असतात, त्यासाठी डॉक्टर कुणाकडे पाठवतात का ते विचार. आणि डॉक्टरकडे जायला वेळ लागणार असेल तर तोवर तुझ्यासाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आणि मोफत, गुजरातीत बोलता येतं. तो नंबर फक्त आजारी माणसासाठी नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्यासाठीही आहे.

तिनं नंबर लिहून घेतला. काल तिचा मेसेज आला की पुढच्या शुक्रवारची वेळ मिळाली आहे. या वेळी ती तिनं घेतलेली नाही. तिनं त्याला सांगितलं, ‘तू घे, मी येते,’ आणि चार दिवस काहीच झालं नाही, आणि ती दातांवर दात ठेवून गप्प बसली, आणि पाचव्या दिवशी त्यानं फोन केला.